‘शब्दशः’ हा शब्द माझा

जबाब
बुधवार, दिनांक १८ जून २०२५, सकाळी ११ वाजून २० मिनिटे

मी, शिवयोगी सिद्रामप्पा होनराव, वय ५६ वर्षे, व्यवसाय नोकरी, दैनिक ‘वेस’ या वर्तमानपत्रात उपसंपादक, राहणार शेळगी, सोलापूर. मला कोणी बोलावलेले नाही, मी आपणहून या पोलीस ठाण्यात हजर झालो आहे. तपासावरील अधिकारी श्री. विरेश साहेब यांनी समक्ष विचारले आणि महिला हवालदार महानंदा मॅडम यांनी लिहून घेतले, त्यावरून सांगतो ते असे.

बातम्या तपासणे, त्यांना मथळे देणे आणि जिल्ह्याचे पान वेळेत सोडणे हे माझे काम आहे. ते मी एकतीस वर्षे करतो आहे. बातमी बातमीदार लिहितो, तिच्यावर त्याचे नाव जाते. मथळा उपसंपादक देतो, त्याला नाव लागत नाही. वाचणारे दहापैकी आठ जण मथळाच वाचतात आणि चहा संपवून उठतात, हे आम्हाला सगळ्यांना माहीत असते.

नवी पेठेत एका कापड दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर, इंद्रजीत शेरकर यांचा संगणक टायपिंगचा क्लास आहे. त्यांच्याविरुद्ध तीन विद्यार्थिनींनी विनयभंगाची तक्रार दिली आणि दि. ५ जून रोजी त्यांना अटक झाली. तिघींची नावे मी घेत नाही, ती ठाण्याला माहीत आहेत. एक बार्शीची, एक अक्कलकोटकडची, एक नातेपुत्याकडची, एवढेच सांगतो. तिघी वेगवेगळ्या वर्षी त्या क्लासला होत्या. कोणी कोणाला ओळखत नव्हते.

दि. ९ जून, सोमवारी सायंकाळी ६ वाजून ४२ मिनिटांनी आमच्या बातमीदार उत्कर्षा यांनी या प्रकरणाची बातमी सिस्टिमवर टाकली. बातमी ४१० शब्दांची होती. मथळा त्यांनीच सुचवला होता. तो असा : ‘वर्षे वेगळी, गावे वेगळी, तिघींनी सांगितलेली खूण एकच’. त्याखाली उपमथळा होता : ‘सरावाचे कागद पोलिसांच्या ताब्यात’. मुलगी नवी आहे, सव्वीस वर्षांची, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही. मथळा चांगला होता. हे मी तेव्हाही तिला म्हणालो होतो.

खूण कोणती ते बातमीत होते. किबोर्डकडे न बघता टाइप करता यावे म्हणून शेरकर सर मुलीच्या हातांवर पिवळा नॅपकिन टाकत. मग मागे उभे राहत आणि ‘थांबू नको, बोटं चालू ठेव’ म्हणत. पुढे काय होत असे ते बातमीत एका वाक्यात होते, तेवढे पुरे होते. सरावाच्या कागदांचा मजकूर शेवटच्या परिच्छेदात होता. त्या क्लासमध्ये प्रत्येकीचा रोजचा सराव छापून, नाव, तारीख आणि वेळ घालून फाइलला लावतात. मुलींनी ज्या तारखा सांगितल्या त्या तारखांच्या कागदांवर चार-पाच ओळी नीट आहेत आणि पुढे नुसती विस्कटलेली अक्षरे आहेत. तिघींच्या कागदांवर. कागद क्लासचेच, तारीखही क्लासच्याच यंत्राने घातलेली.

सात वाजता एका साडीच्या दुकानाची जाहिरात आली आणि बातमीची जागा निम्मी झाली. दोन ओळींचा मथळा एका ओळीत आणायचा होता. आमच्याकडे बातमी खालून कापतात. महत्त्वाचे वर आणि बाकीचे खाली, असा धडा मला पहिल्या दिवशी दिला गेला आणि पुढे मी अनेकांना दिला. त्याप्रमाणे मी खालचा परिच्छेद काढला. म्हणजे सरावाचे कागद गेले. उपमथळाही गेला. त्या परिच्छेदात काय आहे ते मी पूर्ण वाचले नव्हते. उत्कर्षाने कागदांचे फोटो मला मोबाइलवर पाठवले होते, तेही उघडले नव्हते.

मग मी मथळा केला : ‘तिघी विद्यार्थिनींचे जबाब सारखे’. तो चार कॉलमांत तोकडा पडत होता. आमचे संपादक आबासाहेब यांना मथळ्यानंतर पांढरी जागा चालत नाही. दात पडल्यासारखं दिसतं, असे ते म्हणतात. अशा वेळी आम्ही भरतीचा शब्द टाकतो. मी आधी ‘अगदी’ घालून पाहिला, तो कमी पडला. ‘तंतोतंत’ बाहेर जात होता. ‘शब्दशः’ बरोबर बसला. ७ वाजून ११ मिनिटांनी मी पान सोडले. ‘अगदी’ त्या जागेत बसला असता तर आज मी इथे नसतो.

साहेबांनी विचारले की, तो शब्द टाकताना माझा हेतू काय होता. हेतू ओळ भरण्याचा होता. शिवाय मला वाटले की शब्दाने मुलींची बाजू भक्कम होते. तिघी एकच सांगतात, अगदी शब्दशः, म्हणजे खरेच असणार, असा काहीतरी माझा हिशेब होता. मी तिघींपैकी एकीचाही जबाब वाचलेला नव्हता. ते शब्दशः सारखे आहेत असे मला उत्कर्षाने, पोलिसांनी किंवा अन्य कोणी सांगितलेले नाही. तो शब्द माझा आहे.

अशा बातम्यांबाबत आमच्याकडे काही रीत आहे का, असेही साहेबांनी विचारले. आहे. आरोपपत्र होईपर्यंत ‘पुरावा’ लिहायचे नाही, ‘दावा’ लिहायचे. ‘अत्याचार’ लिहिले तर अगोदर ‘कथित’ घालायचे. अवतरण चिन्हे टाकायची, म्हणजे अंगाशी येत नाही. ही रीत कायद्याला धरून आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त मोटारसायकल चोरीच्या बातमीत पहिल्याच दिवशी ‘भक्कम पुरावे हाती’ असे मी शेकडो वेळा लिहिले आहे आणि चोराला ‘कथित चोर’ असे एकदाही लिहिलेले नाही. हे मला एकतीस वर्षांत जाणवले नव्हते. गेल्या आठ दिवसांत जाणवले.

दि. १० जूनला बातमी छापून आली. उत्कर्षा दुपारी माझ्या टेबलाशी आली आणि अंक ठेवून म्हणाली, “सर, जुळणं आणि सारखं असणं यात फरक आहे.” मी तिला म्हणालो, तू अजून लहान आहेस, जागा बघावी लागते. ती अंक तिथेच सोडून गेली. फरक मला ठाऊक नव्हता असे नाही. कुलूप आणि किल्ली जुळतात, सारखी नसतात. शाळेच्या पोरालाही कळेल असे आहे.

दि. १३ जून रोजी शेरकर यांच्या वकिलांनी जामिनाच्या अर्जाला आमच्या बातमीचे कात्रण जोडले. मुलींचे जबाब शब्दशः सारखे आहेत हे खुद्द वर्तमानपत्राने म्हटले आहे, म्हणजे त्या पढवलेल्या आहेत, असा त्यांचा मुद्दा असल्याचे मला उत्कर्षाने सांगितले. सुनावणी परवा, शुक्रवारी दि. २० जूनला आहे.

दि. १४ जून, शनिवार, दुपारी साडेबाराच्या सुमारास नातेपुत्याकडची मुलगी आणि तिचे वडील आमच्या कार्यालयात आले. पहाटेच्या एसटीने निघाले होते. मुलगी एकोणीस वर्षांची आहे. तिच्या हातात अंक नव्हता, नुसते कात्रण होते, चार घड्या घातलेले. तिने ते माझ्यासमोर उलगडले आणि विचारले, “काका, ह्ये तुमी लिवलंय का?”

मी हो म्हणालो. खोटे बोलायला तोंड उघडले होते, पण हो आले.

ती म्हणाली, “तुमी आमचे जबाब वाचलं हुतं?”

मी नाही म्हणालो.

ती म्हणाली, “मी त्या दोगींला वळखत बी न्हाय. कदी बघितलंबी न्हाय. मग आमचं शब्दशः सारखं कसं असंल?”

तिच्या वडिलांनी सांगितले, “सायेब, गावात शाळंचं मास्तर हायेत. त्येनी पारावर वाचून दावलं. म्हणलं, तीन पेपर शब्दशः सारखं निघालं तर बोर्ड काय करतंय? कॉपी धरतंय की. तवापास्नं समदी तेच म्हणत्यात. कॉपी केली म्हणं पोरीनं.”

मुलगी पुढे जे बोलली ते मी माझ्या आठवणीप्रमाणे सांगतो. “एकटीनं सांगितलं असतं तर म्हणलं असतं, पुरावा कुटाय. आता तिघींचं जुळलं, तर म्हणत्यात पाठ केलंय. मग काका, आमी कसं सांगायचं? निम्मं जुळवायचं व्हय?”

मी त्यांना चहा मागवला. तिने घेतला नाही.

जाताना तिचे वडील म्हणाले की, शुक्रवारी ते कोर्टात येतील आणि मुलगी तक्रार मागे घेत असल्याचे लिहून देतील, गावात राहायचे आहे. मुलगी जिन्यापर्यंत गेली, परत आली आणि म्हणाली, “अजून एक. मी पंचा म्हणलं हुतं. माज्या आज्याचा असायचा तसला, पिवळा पंचा. तुमच्या पेपरात नॅपकिन लिवलंय. नॅपकिन हा शबुद माज्या तोंडातच न्हाय.”

येथे महानंदा मॅडम यांचे लिहिणे थांबले. त्यांनी पेन खाली ठेवले. मला वाटले शाई संपली. मी माझे पेन पुढे केले, ते त्यांनी घेतले नाही.

त्यांनी विरेश साहेबांकडे पाहिले आणि म्हणाल्या, “सर, नॅपकिन मी लिवलंय.” साहेबांनी विचारले, म्हणजे कसे. त्या म्हणाल्या, “तिघींचे जबाब मीच घेतले की. ही पंचा म्हणली. बार्शीची टॉवेल म्हणली, मान पुसायचा टॉवेल. अक्कलकोटची कन्नडमधनं सांगत होती, ती अरिवी म्हणली, अरिवी म्हंजे कापड. पंचनाम्यात नॅपकिन आलं होतं, म्हणून मी सगळीकडं नॅपकिन केलं. सुरवातीचं आणि शेवटचं वाक्य तर माझं नेहमीचंच असतंय. माणूस कुणीबी असू दे.”

हे माझ्या जबाबात लिहायचे की नाही, असे मॅडमनी विचारले. साहेब म्हणाले, लिहा, आणि तुमचाही वेगळा जबाब होईल, तिघींचे पुरवणी जबाबही त्यांच्याच शब्दांत घेऊ. मॅडमनी पेन उचलले आणि वरचा मजकूर लिहिला. त्यांचे अक्षर इथून पुढे लहान झाले आहे, ते मला दिसते आहे. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी तीन शब्दांचा एक शब्द केला आणि मी त्या एका शब्दावर मथळा केला. त्यांनी तीन मुलींसमोर बसून निदान ऐकले तरी होते.

त्या शनिवारी मुलगी गेल्यावर मी मोबाइलवरचे फोटो उघडले. तिघींचे कागद पाहिले. एकतीस वर्षे माझ्यासमोर छापलेला कागद आला की हात आपोआप पेन्सिलकडे जातो आणि डोळा चूक शोधतो. नातेपुत्याच्या मुलीच्या कागदावर वर नाव आहे, तारीख आहे, दुपारचे ३ वाजून ५ मिनिटे अशी वेळ आहे. ‘आपल्या दिनांक १२ च्या पत्राचा संदर्भ घ्यावा’ हे वाक्य तीन वेळा बिनचूक आहे. चौथ्या वेळी ‘पत्राचा’ पर्यंत आले आहे. पुढे अकरा ओळी शब्द नाही. अक्षरे आहेत, जागा सोडलेली नाही, विरामचिन्ह नाही. कुठेही थांबलेली नाहीत. तिला थांबू नको म्हटले होते.

मी ते वाचायचा प्रयत्न केला. खूण कुठे करायची ते कळेना. बाकीच्या दोन कागदांवर विस्कटलेल्या ओळी कमी-जास्त आहेत, अक्षरे निराळी आहेत. एकही ओळ दुसरीसारखी नाही. आणि तिन्ही कागद एकच गोष्ट सांगतात. हा परिच्छेद मी खालून कापला होता.

तेव्हापासून मला ती अक्षरे दिसतात. दुसऱ्याची बातमी तपासताना चांगल्या वाक्याच्या मध्येच पुढे आता ते सुरू होईल असे वाटते आणि मी थांबतो. रविवारी मी नवी पेठेत गेलो होतो. काही घ्यायचे नव्हते. त्या कापड दुकानासमोर उभा राहिलो. क्लास चालू आहे, शेरकर यांचा भाऊ चालवतो. खाली रिक्षांचा, गिऱ्हाइकांचा गोंगाट असूनही वरून किबोर्डचा आवाज येत होता. पंधरा-वीस मुली असतील. मी आवाजात खंड पडायची वाट पाहत होतो. दुकानदाराने काय हवे म्हणून विचारले तेव्हा मी घरी आलो.

साहेबांनी विचारले म्हणून सांगतो की, माझी मुलगी त्या क्लासला नव्हती. मला मुलगी नाही. हा प्रश्न मला या आठ दिवसांत चौथ्यांदा विचारला गेला आहे. शेरकर यांच्याशी माझे वैर नाही, ओळखही नाही. त्यांनी काय केले ते कोर्ट ठरवील. मी काय केले एवढेच सांगायला आलो आहे.

दि. १६ जून, सोमवारी मी आबासाहेबांना भेटलो आणि पहिल्या पानावर खुलासा छापावा असे म्हणालो. ते म्हणाले, “अहो होनराव, शब्द चुकलाय कुठं? सारखेच आहेत की जबाब.” मी म्हणालो, सारखे नाहीत, जुळतात. ते म्हणाले, “लोकांना काय फरक पडतोय.” मी त्यांना सांगितले की, लोकांना पडला आहे, नातेपुत्याला पारावर पडला आहे. दुसऱ्या दिवशी सातव्या पानावर, हवामानाच्या चौकटीखाली, चार ओळींचे शुद्धिपत्र आले. त्यात तो शब्द ‘अनवधानाने’ गेला असे आहे. ते खरे नाही. मी दोन शब्द घालून पाहिले, तिसरा निवडला. याला अनवधान म्हणत नाहीत.

ऑफिसचे कागद बाहेर नेऊ नका, असे मला आबासाहेबांनी सांगितले होते. मी आणले आहेत. उत्कर्षा यांची मूळ बातमी, तिच्यावरची वेळ ६.४२, मी बदललेला मथळा, वेळ ७.११, कापलेला परिच्छेद, सर्व छापील प्रती मी आज हजर करीत आहे. नोकरीची दोन वर्षे राहिली आहेत. ती राहतील किंवा जातील. मला आज सकाळी ठाण्याच्या पायऱ्या चढताना भीती वाटली, हेही लिहून घ्यावे असे मी म्हणालो. मॅडम म्हणाल्या, असलं लिहीत नसतात, पण लिहिले.

माझी विनंती अशी की, हा जबाब शुक्रवारच्या आत कोर्टात जावा. आणि त्यातील निदान ‘तो शब्द माझा आहे’ हे वाक्य नातेपुत्याच्या मुलीला फोनवर वाचून दाखवावे. मी तीन वेळा फोन केला, उचलला गेला नाही. माझा उचलणार नाहीत. मॅडम म्हणाल्या, मी लावते.

त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. वडिलांनी घेतला. मॅडमनी ते वाक्य वाचले, मग पंचा, टॉवेल आणि अरिवी हे तीन शब्द एकामागून एक सांगितले आणि म्हणाल्या, “आता पंचाच लिवणार हाय, तिला सांगा.” मग पलीकडून मुलीचा आवाज आला. स्पीकर चालू नव्हता, पण मला ऐकू आले. ती म्हणाली, “त्या दोगीबी येणार हायेत का, शुक्रवारी?” मॅडम व्हय म्हणाल्या. फोन बंद झाला. ती येईल की नाही हे मला माहीत नाही.

माझे सांगणे येथे संपले. लिहिलेले सर्व महानंदा मॅडम यांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. मी ‘भरतीचा शब्द’ म्हणालो होतो तिथे त्यांनी ‘अतिरिक्त शब्द’ लिहिले होते, ते बदलून घेतले. ‘उपसंपादक’ मधला उकार दुरुस्त करायला सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, “तुमी लिवताय का मी लिवू?” बाकी पुष्कळ ठिकाणी वाक्ये माझी नाहीत, त्यांच्या रोजच्या लिहिण्यातली आहेत. ती मी तशीच ठेवली आहेत. सही कुठे करू म्हणून विचारले. साक्षीदाराच्या जबाबावर सही घेत नाहीत असे कळले. मथळ्यावरही घेत नाहीत.

हा जबाब शब्दशः माझा नाही. खरा आहे.